वस्तींतील मुलांचें म्हणणें

शहर सुधारावें कसें, याविषयीं मुंबईंत गेलीं सव्वाशें वर्षें पुष्कळ बोललें गेलें आहे. इंजिनियर बोलले, डॉक्टर बोलले, सरकारी समित्या बोलल्या, आणि आम्हां शिक्षकांनींही संधि सांपडेल तेव्हां आपलें तोंड चालविलें. परंतु ज्या वस्त्यांची सुधारणा करावयाची, तेथें वाढणाऱ्या मुलामुलींस ‘तुम्हांला काय हवें?’ असें कोणी आणि केव्हां विचारलें, याचा शोध फारसा कोणी घेत नाहीं. मी इतिहासाचा पंडित नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकून पुढें सारा जन्म प्राथमिक शाळेंत खडू झिजविलेला मनुष्य आहें. तरी या एका धाग्याचा माग काढण्याचा आज माझा विचार आहे, आणि त्याला एक खासगी कारणही आहे. तें शेवटीं सांगेन.

आरंभ प्लेगपासून करावा लागतो. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं तापाचे रोगी तपासून हा गांठीचा प्लेग आहे असें निदान केलें, आणि थोड्याच महिन्यांत मुंबईचें सारें जीवन ढवळून निघालें. घरोघर तपासण्या झाल्या, माणसें घरांतून उचलून इस्पितळांत व छावण्यांत नेलीं गेलीं, आणि मार्च १८९८ मध्यें लोक चिडून रस्त्यावर आले व दंगल झाली. त्याच सालीं शहर सुधारण्यासाठीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. ट्रस्टनें रुंद रस्ते काढले, दाटीच्या गल्ल्या पाडल्या, कांहीं चाळी बांधल्या. पण पाडलेल्या खोल्या आणि बांधलेल्या खोल्या यांचा मेळ पहिल्या वीस वर्षांत कांहीं बसला नाहीं. पुढें १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी येथें मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. एकेका चाळींत ऐंशीं खोल्या, आणि खोली सुमारें १६० चौरस फुटांची. १९२१ सालीं मुंबईंतील बालमृत्यूचें प्रमाण हजार जन्मांस सहाशेंहून अधिक नोंदलें गेलें. पुष्कळ बायका बाळंतपणासाठीं गांवीं जात आणि तान्हें मूल घेऊन परत येत. त्यामुळें जन्म गांवीं व मृत्यु मुंबईंत नोंदला जाऊन हा आंकडा फुगतो, हें खरें. परंतु तो अर्ध्यावर आणला तरी वाचवत नाहीं.

व्याकरण शिकविण्याची खोड लागलेल्या माणसाला या साऱ्या कागदपत्रांत एक गोष्ट खटकते. ‘सुधारणें’ हें क्रियापद येथें नेहमीं कर्मणि प्रयोगांत येतें. गल्ली सुधारली जाते, चाळ सुधारली जाते. सुधारणारा कोण, हें सांगण्याची गरज नसते. आणि तेथें राहणारा तर वाक्यांत कोठेंच येत नाहीं.

गरिबांच्या वस्तींत तरुणांनीं जावें, ही कल्पना याच सुमारास दुसरीकडे मूळ धरूं लागली होती. लंडनच्या पूर्व भागांत व्हाइटचॅपल येथें १८८४ सालीं सॅम्युएल बार्नेट नांवाच्या धर्मोपदेशकानें टॉयन्बी हॉल उघडला. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुण पदवीधरांनीं तेथें येऊन राहावें, मजुरांचे शेजारी व्हावें, रात्रींचे वर्ग चालवावे, अशी योजना होती. ज्याचें नांव त्या घराला दिलें तो अर्नल्ड टॉयन्बी आदल्याच वर्षीं, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षीं, वारला होता. तें घर पाहून आलेल्या जेन ॲडम्स यांनीं १८८९ मध्यें शिकागोला हल हाउस काढलें. आमच्याकडे नागपाड्यांत क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्यानें १९२६ सालीं याच धर्तीचें ‘नेबरहूड हाउस’ सुरू केलें, आणि समाजसेवेचें शास्त्रोक्त शिक्षण देणारी टाटांची संस्था १९३६ सालीं तेथूनच निघाली, हें पुष्कळांस ठाऊक असेल.

परंतु त्याच्याही आधीं हें काम एका मराठी माणसानें आरंभिलें होतें. नारायण मल्हार जोशी हे कांहीं काळ शाळामास्तर होते, हें सांगतांना मला साहजिकच बरें वाटतें. १९०९ मध्यें ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजांत शिरले आणि १९११ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, त्यांनीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. स्वयंसेवक तयार करावे, दुष्काळ, सांथ, पूर अशा आपत्तींत त्यांना पाठवावें, आणि एरवीं गिरणगांवांत रात्रींच्या शाळा व वाचनालयें चालवावीं, असें लीगचें काम होतें. बारा-बारा तास यंत्रापुढें उभें राहून आलेला मजूर डोळ्यांवरची झोंप आवरीत मुळाक्षरें गिरवीत आहे, हें दृश्य त्या शाळांचें होतें. पुढें याच जोशांनीं १९२० मध्यें कामगारांच्या अखिल भारतीय संघटनेच्या स्थापनेंत पुढाकार घेतला. त्या शाळांनीं मजुरांना काय दिलें, याचा हिशेब मांडतां येतो. पण त्या शाळांनीं जोशांना काय शिकविलें, याचाही कोणी मांडावा.

अशा कामाला मागाहून नांवें ठेवणें सोपें आहे. ‘वरून खालीं केलेली दया’ असें तिचें वर्णन हल्लींचे विद्वान करतात. मला तें अर्धेंच पटतें. ज्याला सही करतां येत नव्हती त्याला ती करतां येऊं लागली, म्हणजे पगाराच्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वीं तो निदान थांबूं लागला. ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. तरीही एवढें कबूल केलें पाहिजे कीं, शिकविणारा तरुण शहराच्या दुसऱ्या भागांतून येई आणि वर्ग संपला कीं परत जाई. वस्तींतला तरुण समोर बसलेला असे, आणि त्याला प्रश्न विचारले जात ते पाढ्यांचे.

ही मांडणी कोठें पालटली, त्याचें एक ठिकाण मात्र नेमकें दाखवितां येतें. परळला लीगनेंच बांधलेल्या दामोदर हॉलमध्यें ९ मार्च १९२४ रोजीं एक सभा भरली, आणि तींतून पुढें जुलै महिन्यांत बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. बोलावणारे होते डॉ. आंबेडकर, वय तेहतीस. त्यांचें बिऱ्हाड हॉलपासून दूर नव्हतें. परळच्या पोयबावडींत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत ते १९१२ पासून सुमारें बावीस वर्षें राहिले. म्हणजे जी चाळ ‘सुधारली गेली’ होती, तींतलाच एक भाडेकरू आतां व्यासपीठावर उभा राहून बोलत होता. सभेनें सोलापुरास विद्यार्थ्यांचें वसतिगृह काढलें, मुंबईंत वाचनालय काढलें, आणि चाळींतल्या पोरांनीं जुगार व दारू यांच्या नादीं लागूं नये म्हणून एक हॉकीचा संघही काढला. मोठ्या चळवळींच्या इतिहासांत या हॉकीच्या संघाला कोणी ओळ देत नाहीं. मला तो महत्त्वाचा वाटतो. संध्याकाळीं एकत्र खेळणारीं पोरें रात्रीं एकत्र बसतात. आणि एकत्र बसलीं कीं नळ, संडास, भाडें, मुकादम हे विषय आपोआप निघतात.

यानंतरची पिढी अक्षरशः रस्त्यावर शिकली. वाटेगांवचे अण्णाभाऊ साठे शाळेंत असे जवळजवळ गेलेच नाहींत. पोरवयांत ते बापाबरोबर पायीं मुंबईस आले, मिळेल तें काम केलें आणि माटुंग्याच्या लेबर कॅंपांत वाढले. १९४४ सालीं, चोविशीच्या सुमारास, त्यांनीं अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभें केलें. वस्तीचें गाऱ्हाणें सभेच्या ठरावांत मांडलें तर वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर कोंपऱ्यांत छापलें जाई. तेंच डफावर आलें कीं हजारों माणसें रात्र-रात्र ऐकत बसत. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनीं, २९ मे १९७२ रोजीं, मुंबईंत दलित पॅंथर निघाली. तिच्या संस्थापकांपैकीं नामदेव ढसाळ कामाठीपुऱ्यांत वाढलेले, तेव्हां तेवीस वर्षांचे. त्यांचा ‘गोलपिठा’ त्याच सालचा. ती भाषा आम्हां मास्तरांच्या कानांना झोंबली, हें मी लपवीत नाहीं. मीं ते पुस्तक पहिल्यांदा हातांत घेतलें तें झांकून ठेवण्यासाठीं. दुसऱ्यांदा घेतलें तेव्हां माझ्या वर्गांतलीं मुलें घरीं गेल्यावर कोणत्या गल्ल्यांत राहतात हें मला प्रथम कळलें. असो.

आतां ज्या प्रसंगासाठीं मुख्यतः हा सारा खटाटोप केला, तिकडे वळतों.

पूर्वेकडील उपनगरांत, ट्रॉम्ब्याच्या बाजूला, जनता कॉलनी नांवाची मोठी वस्ती होती. शहराच्या मध्यभागांतून उठविलेल्या लोकांना तेथें आणून बसविलेलें होतें. म्हणजे शहर एकदां सुधारल्याचाच तो एक परिणाम होता. १९६३ च्या सुमारास कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गांवाकडून जोकिन अर्पुथम नांवाचा एक तामीळ मुलगा काम शोधीत मुंबईला आला आणि या वस्तींत राहूं लागला. विशीही त्यानें गांठलेली नव्हती. सुतारकाम येत होतें. घर असें नव्हतें, उघड्यावर निजावें लागे. संध्याकाळीं रिकामीं हिंडणारीं मुलें त्यानें जमविलीं. आधीं गाणीं, मग थोडेंसें शिकविणें. शाळा म्हणावी तर फळा नाहीं, अशी ती शाळा.

वस्तींतला कचरा उचलण्यास नगरपालिकेची गाडी येत नसे. ढीग सांचत, पावसाळ्यांत कुजत. मोठ्या माणसांनीं तक्रारी केल्याच असतील. त्यांचें काय होतें तें आपण सर्व जाणतों. जोकिन यांनीं पुढें आपल्या आठवणींत सांगितल्याप्रमाणें, त्यांनीं एक दिवस मुलांना सांगितलें कीं, प्रत्येकानें किलोभर कचरा वर्तमानपत्राच्या कागदांत बांधून घ्यावा. सुमारें तीन हजार मुलें निघालीं. पुड्या घेऊन ओळीनें नगरपालिकेच्या कचेरीपर्यंत गेलीं, आणि प्रत्येकानें आपली पुडी दारांत ठेवली. कोणी घोषणा दिल्या नाहींत असें मी म्हणणार नाहीं. तीन हजार मुलें गप्प राहणें मीं तरी कधीं पाहिलेलें नाहीं. पण पाहा, येथें अर्ज नाहीं, शिष्टमंडळ नाहीं, भाषण नाहीं. जी वस्तु कचेरीनें न्यावयाची होती ती कचेरीला पोंचती केली, इतकेंच. तीन हजार किलो म्हणजे तीन टन. कचेरीला दखल घ्यावी लागली.

या गोष्टीवर एक आक्षेप येतो, आणि शिक्षक या नात्यानें तो मला गंभीर वाटतो. लहान मुलांच्या हातांत घाण देऊन त्यांना मोर्च्यांत चालविणें योग्य काय? मोठ्यांच्या भांडणांत मुलें पुढें करण्याची खोड आमच्या सार्वजनिक जीवनांत आहेच; पाहुणे येणार म्हणून तासन्‌तास उन्हांत उभीं केलेलीं मुलें मीं पाहिलीं आहेत, आणि वरिष्ठांच्या सांगण्यावरून स्वतः उभीं केलींही आहेत. फरक मला एवढाच दिसतो कीं, त्या उन्हांत मुलांचें स्वतःचें असें कांहीं काम नव्हतें. आणि जनता कॉलनींतला कचरा त्यांच्याच अंगणांतला होता, त्यांतच तीं खेळत होतीं. घाण त्यांच्या हातांत कोणी नवीन दिली नाहीं.

पुढची हकीकत सुखाची नाहीं. शेजारच्या अणुसंशोधन केंद्राच्या वसाहतीसाठीं ती जागा हवी होती. वस्तीनें वर्षानुवर्षें कोर्टकचेऱ्या केल्या, दिल्लीपर्यंत खेटे घातले. शेवटीं आणीबाणींत, १९७६ च्या मे महिन्यांत, सारी जनता कॉलनी पाडण्यांत आली आणि सुमारें सत्तर हजार माणसें चीता कॅंप येथें हलविलीं गेलीं. तेव्हां त्या मुलांच्या पुड्यांचा उपयोग काय झाला, असें कोणी म्हणेल. जोकिन यांनीं १९७४ मध्येंच झोपडपट्टीवासीयांची एक देशव्यापी संघटना आरंभिली होती. १९८४ मध्यें निघालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेशीं आणि भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या स्त्रियांच्या ‘महिला मिलन’शीं तिची पुढें जोड जुळली. १९८५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें फुटपाथवरील लोकांना हटविण्याची मुभा नगरपालिकेला दिली, तेव्हां या लोकांची मोजणी करण्यांत आली. सहा हजारांच्या आसपास कुटुंबें, सत्तावीस हजारांच्या आसपास माणसें. कोण कोठून आला, काय काम करतो, किती वर्षें येथें आहे, हें सारें कागदावर आलें. पुढें वस्तींतल्या लोकांनींच वस्ती मोजावी, हा या संघटनांचा नेमच झाला. सरकारी मोजणींत माणूस मोजला जातो. येथें तो मोजूं लागला. सुतारकाम करणाऱ्या त्या मुलाला पुढें २००० सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें, २०११ मध्यें पद्मश्री मिळाली. २०१८ च्या ऑक्टोबरांत तो वारला. ‘तो’ म्हटलें याबद्दल क्षमा असावी. माझ्या डोळ्यांपुढें अजून त्याची विशीच आहे.

कायद्यानें मध्यंतरीं कांहीं दारें उघडलीं आहेत. १९८९ पासून मतदानाचें वय एकवीसावरून अठरावर आलें. त्याच सालच्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांत, मुलाशीं संबंध असणाऱ्या गोष्टींत त्याचें म्हणणें ऐकावें असें एक कलम आहे, आणि भारतानें तो करार १९९२ मध्यें मान्य केला. १९९३ पासून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या असाव्या असें घटनेंतच लिहिलें गेलें. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें बृहन्मुंबईंतील दर दहा माणसांपैकीं चारांहून अधिक झोपडपट्टींत राहत होतीं. त्यांत मुलें किती असतील याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. कोणत्या प्रभाग समितीनें कोणत्या शाळेंतल्या मुलांना बोलावून त्यांचें ऐकलें, असें माझ्या तरी चाळीस वर्षांच्या नोकरींत माझ्या शाळेकडे बोलावणें आलें नाहीं. मात्र येथें बोट दुसऱ्याकडे दाखवून मला सुटतां येणार नाहीं. आणि म्हणून आतां तें खासगी कारण.

१९८७ सालीं मी पूर्व उपनगरांतल्या एका टेंकडीच्या पायथ्याच्या शाळेंत सातवीला मराठी शिकवीत होतों. टेंकडीवर वस्ती, वस्तींत गल्लीगणिक एक नळ. उशिरां येणाऱ्यांस वर्गाबाहेर उभें करण्याचा माझा शिरस्ता होता, आणि उभ्या राहत त्या बहुधा त्याच चार-पांच मुली. एक दिवस त्यांतली एक म्हणाली, “गुरुजी, पाण्याच्या लायनीत होते.” त्या आठवड्यांत अर्जलेखनाचा पाठ चालू होता. मला वाटलें, चला, खराच अर्ज लिहवून घेऊं. मी मुलांना तसें सांगितलें.

त्यांनीं माझ्या अपेक्षेपेक्षां अधिक केलें. चार मुली आणि तीन मुलगे यांनीं आठ दिवस एक वही ठेवली. उठण्याची वेळ, पुढें किती हंडे, पाणी केव्हां आलें, केव्हां गेलें, शाळा मिळाली कीं बुडाली. मग अर्जाचा कच्चा मसुदा आणला. त्यांत आठ दिवसांचा तक्ता होता, आणि शेवटीं मागणी होती: नळाची वेळ बदला, नाहींतर शाळेची वेळ बदला.

मी तो मसुदा तपासला. ‘सेवेशीं विनंति विशेष’ घातलें. ‘सदर वस्तीमध्यें पाणीपुरवठ्याची अतिशय गैरसोय होत असून’ असें भारदस्त वाक्य घातलें. अर्जाला तक्ता शोभत नाहीं म्हणून तक्ता काढला. आणि ‘नाहींतर शाळेची वेळ बदला’ हे शब्द खोडले, कारण अर्ज नगरपालिकेला होता आणि शाळेचा उल्लेख त्यांत अस्थानीं दिसला. सुवाच्य अक्षर असणाऱ्या मुलाकडून अर्ज पुन्हां लिहून घेतला. वाचून दाखविल्यावर ती मुलगी म्हणाली, “चांगला झालाय गुरुजी. पण आमचं त्यात कुठाय?” मीं तिला औपचारिक भाषा म्हणजे काय तें समजावून सांगितलें.

अर्ज गेला. पोंच मिळाली, पुढें कांहीं नाहीं. आमची शाळा दोन पाळ्यांत भरत असे. त्या चार मुलींना सकाळच्या पाळींतून दुपारच्या पाळींत घालणें हें मुख्याध्यापकांच्या एका सहीनें होण्यासारखें होतें, आणि मुख्याध्यापक सज्जन होते. पण तें कोणी त्यांना सांगितलें नाहीं. ज्या ओळींत तें सांगितलें होतें ती मीं खोडली होती. वर्ष संपण्यापूर्वीं चौघींपैकीं दोघी शाळेंतून गेल्या. वर्गाबाहेर उभें करण्याचा शिरस्ता मीं बंद केला, परंतु तो त्या गेल्यानंतर.

निवृत्तीच्या वेळीं कपाट रिकामें करतांना ती वही सांपडली. पहिल्या पानावर पेन्सिलीनें लिहिलें आहे: “सोमवार. उठले साडेतीनला. पुढे २६ हंडे. पाणि सव्वासहाला गेले. माझा नंबर आला नाही. शाळा बुडाली.” त्यांतल्या ‘पाणि’ या शब्दाखालीं लाल शाईनें रेघ ओढून शेजारीं ‘पाणी’ असें लिहिलें आहे. अक्षर माझें आहे.